शाकुंतलाच्या ओढीने वायमारला : दोन रात्री, तीन दिवस

शाळेत संस्कृत शिकवताना दर वर्षी मी मुलांना एक गोष्ट सांगत असे. गटे नावाच्या थोर जर्मन कवीने कालिदासाचे शाकुंतल वाचले आणि तो ते पुस्तक डोक्यावर घेऊन नाचला, अशी ती गोष्ट. मला ती माझ्या बाईंनी सांगितली होती, त्यांना बहुधा त्यांच्या गुरुजींनी. नाचण्याची ती दंतकथा बाजूला ठेवली तरी मागे उरते ते सत्य काही कमी नाही. विल्यम जोन्स यांनी केलेले शाकुंतलाचे इंग्रजी भाषांतर १७८९ साली कोलकात्यात छापले गेले, त्यावरून गेओर्ग फोर्स्टर यांनी केलेले जर्मन भाषांतर १७९१ साली आले, आणि त्याच वर्षी गटे यांनी शकुंतलेवर चार ओळी लिहिल्या. वसंतातील फुले आणि शरदातील फळे, पृथ्वी आणि स्वर्ग हे सारे एका नावात सामावायचे असेल तर ते नाव शकुंतला, असा त्या ओळींचा आशय आहे. पुढे 'फाउस्ट' या नाटकाच्या आरंभी त्यांनी नाट्यगृहातील जो प्रवेश घातला, त्याची कल्पनाही आपल्या सूत्रधार-नटीच्या प्रस्तावनेवरून सुचलेली मानली जाते. हे सारे ज्या गावात घडले ते गाव म्हणजे वायमार, आणि मुलगी नोकरीनिमित्त बर्लिनला राहू लागल्यापासून ते पाहायची इच्छा मनात होती. गेल्या सप्टेंबरात हे, मी आणि मुलगी असे तिघे दोन रात्रींसाठी तिथे जाऊन आलो. जाणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून हा वृत्तांत सविस्तर लिहीत आहे.

वायमार हे थ्युरिंगिया राज्यातले जेमतेम पासष्ट हजार वस्तीचे शहर आहे, आणि गटे इथे १७७५ साली आले तेव्हा तर ते सहा हजारांचे गाव होते. एवढ्याशा गावात जर्मन भाषेतले सर्वांत मोठे लेखक एकत्र कसे आले, याचे उत्तर राजाश्रयात आहे. पती अकाली वारल्यावर ऐन विशीत राज्यकारभार हाती घेतलेल्या अ‍ॅना अमालिया या राणीने १७७२ साली मुलाचा शिक्षक म्हणून वीलांड या कवीला बोलावले, त्या मुलाने, म्हणजे कार्ल आउगुस्ट याने, गादीवर येताच गटे यांना आणले, गटे यांनी हर्डर यांना आणले आणि १७९९ साली शिलरही कायमचे इथे राहायला आले. एकाने दुसऱ्याला बोलवावे आणि सगळे एकमेकांच्या दहा मिनिटांच्या अंतरावर राहावेत, असा तो प्रकार होता. ते अंतर आजही तेवढेच आहे, आणि म्हणूनच हे शहर पायी पाहायचे आहे. गाडी भाड्याने घेण्याची काहीही गरज नाही.

बर्लिनहून एरफुर्टपर्यंत जलद गाडी आणि तिथून पंधरा मिनिटांची प्रादेशिक गाडी असा आम्ही प्रवास केला. फ्रांकफुर्टहून येणाऱ्यांनाही एरफुर्टलाच गाडी बदलणे सोयीचे पडते. जलद गाडीचे तिकीट जितके आधी काढाल तितके स्वस्त मिळते. वायमारहून येना, आयझेनाख, लाइप्झिग अशी आसपासची गावे करायची असतील तर या भागातील तीन राज्यांत मिळून चालणारे, पाच जणांपर्यंतच्या गटाला घेता येणारे प्रादेशिक दिवसतिकीट काढावे. मात्र ते जलद गाड्यांना चालत नाही आणि कामाच्या दिवशी सकाळी नऊनंतरच लागू होते. स्थानकापासून गावाचा मध्यभाग वीस मिनिटांच्या चालीवर, उताराच्या वाटेने आहे. बॅग मोठी असेल तर बसने जा, असे मी आग्रहाने सांगेन, कारण जुन्या गावातले रस्ते दगडी चिऱ्यांचे आहेत आणि यांच्या बॅगेचे एक चाक पहिल्याच दिवशी त्या चिऱ्यांत अडकून निखळले.

वाराची निवड फार महत्त्वाची आहे. गटे यांच्या घरासह बहुतेक संग्रहालये सोमवारी बंद असतात आणि काहींचा सुटीचा दिवस वेगळाच असतो, म्हणून आम्ही मुद्दाम मंगळवारी दुपारी पोहोचून गुरुवारी संध्याकाळी निघालो. शिवाय इथल्या जुन्या वास्तू दुरुस्तीसाठी आळीपाळीने दीर्घ काळ बंद ठेवतात. राजवाड्यातले संग्रहालय अशाच कामासाठी २०१८ पासून बंद झाले आणि आम्हीही ते बाहेरूनच पाहिले. तेव्हा ज्या एका वास्तूसाठी तुम्ही जात असाल ती उघडी आहे याची खात्री करून मगच गाडीचे तिकीट काढावे.

आमची एक चूक मात्र झालीच. अ‍ॅना अमालिया ग्रंथालयाच्या दालनात रोज ठरावीक लोकांनाच, ठरावीक वेळेला सोडतात, हे मुलीने वाचले होते, पण सप्टेंबर म्हणजे गर्दी ओसरली असेल असे धरून आम्ही आगाऊ तिकिटे काढली नाहीत. मंगळवारी चौकशी केली तेव्हा त्या दिवसाची आणि दुसऱ्या दिवसाचीही तिकिटे संपलेली होती. सुदैवाने गुरुवारी सकाळची तीन मिळाली. तुम्ही मात्र मुक्काम ठरताच सर्वांत आधी हे तिकीट काढा आणि बाकीचे वेळापत्रक त्याभोवती बसवा.

पहिल्या दुपारी आम्ही नाट्यगृहाच्या चौकात गेलो. तिथे गटे आणि शिलर यांचा रीटशेल यांनी घडवलेला, १८५७ साली उभारलेला पुतळा आहे. दोघांचा हात एकाच पुष्पमुकुटावर आहे. शिलर प्रत्यक्षात गटेंपेक्षा बरेच उंच होते, पण शिल्पकाराने दोघांना एकाच उंचीचे केले आहे. मागचे नाट्यगृह तर आणखी एका वेगळ्या इतिहासाचे साक्षीदार आहे. पहिल्या महायुद्धानंतर १९१९ साली बर्लिनमधल्या अशांततेमुळे राष्ट्रसभा इथे भरली आणि जर्मनीची पहिली प्रजासत्ताक राज्यघटना इथेच संमत झाली. शाळेच्या पुस्तकातले 'वायमार प्रजासत्ताक' हे नाव त्यावरून पडले. समोरच त्या प्रजासत्ताकाचे छोटे संग्रहालय आहे. इतिहासाची आवड असणाऱ्यांनी तासभर तिथे द्यावा.

गटे यांचे घर फ्राउएनप्लान या चौकात आहे, आणि ते जवळपास पन्नास वर्षे तिथे राहिले. बाहेरून पिवळसर, भारदस्त दिसणारा तो वाडा आत गेल्यावर हळूहळू उलगडतो. इटलीहून परतल्यावर त्यांनी स्वतः करवून घेतलेला जिना रुंद आणि बुटक्या पायऱ्यांचा आहे. माझे गुडघे दुखरे आहेत, तरी तो चढताना मला थांबावे लागले नाही. वर पोहोचल्यावर दाराशी जमिनीतच लॅटिन अक्षरांत 'साल्वे', म्हणजे 'स्वागत', असे जडवलेले आहे. एक खोली पिवळी, एक निळी, एक हिरवी, कारण रंगांचा मनावर काय परिणाम होतो याचा त्यांनी आयुष्यभर अभ्यास केला आणि घरही त्याप्रमाणे रंगवले. पुतळे, चित्रे, खनिजांचे खण पाहत पाहत आपण मागच्या बाजूला येतो आणि तिथे एकदम सारे साधे होते. अभ्यासिकेत नुसते मेज, कपाटे आणि बागेकडे उघडणाऱ्या छोट्या खिडक्या आहेत, एकही चित्र नाही. शेजारच्या अरुंद खोलीत एक लहान पलंग आणि एक आरामखुर्ची आहे. त्या खुर्चीत २२ मार्च १८३२ रोजी त्यांनी प्राण सोडला. या दोन्ही खोल्या उंबऱ्याबाहेरूनच पाहायच्या असतात. मी त्या उंबऱ्याशी बराच वेळ उभी राहिले. आपल्या कण्वमुनींच्या आश्रमातल्या मुलीच्या पाठवणीवर ज्याचा जीव जडला, तो माणूस इथे बसून लिहीत होता, याखेरीज दुसरा विचार मनात येत नव्हता.

संध्याकाळी जेवणाआधी लोकशाही चौकात नक्की जाऊन बसा. तिथल्या जुन्या प्रासादात फ्रान्झ लिस्ट यांच्या नावाचे संगीत महाविद्यालय आहे, आणि हवा बरी असेल तर त्याच्या खिडक्या उघड्या असतात. एका खिडकीतून व्हायोलिन, दुसरीतून पियानो, तिसरीतून एक मुलगी गाण्याची एकच ओळ पुन्हा पुन्हा म्हणत होती. वरच्या स्वराला आवाज जरा फाटला की ती थांबे आणि पहिल्यापासून सुरू करी. हे लहानपणी भावे स्कूलच्या मागच्या गल्लीत गाण्याच्या क्लासबाहेर तासन्‌तास उभे राहत असत. ते म्हणाले, "रियाज कुठेही गेलं तरी सारखाच ऐकू येतो." या महाविद्यालयातील विद्यार्थ्यांच्या मैफली वर्षभर होतात, बऱ्याच विनामूल्य असतात. सत्राच्या काळात जाणार असाल तर त्यांचे वेळापत्रक पाहून ठेवा. या गावाचा संगीताशी संबंध फार जुना आहे. योहान सेबास्टियन बाख १७०८ ते १७१७ इथे दरबारी वादक होते आणि नोकरी सोडू द्या असा हट्ट धरला म्हणून शेवटी जवळपास महिनाभर कैदेतही होते. लिस्ट यांनी वागनरची 'लोहेनग्रिन' ही संगीतिका १८५० साली प्रथम रंगभूमीवर आणली ती इथेच.

बुधवारची सकाळ आम्ही बुखेनवाल्ड या नाझी छळछावणीच्या स्मारकासाठी ठेवली होती. गावाच्या उत्तरेला एटर्सबर्ग नावाची टेकडी आहे. गटे तिथे फिरायला जात. त्याच टेकडीवर १९३७ साली नाझींनी ही छळछावणी उभारली आणि १९४५ पर्यंत तिथे सुमारे २ लाख ८० हजार माणसे डांबली, त्यांतली ५६ हजारांवर मेली किंवा मारली गेली. स्थानकावरून आणि गटे चौकातून सहा क्रमांकाची बस तिथे जाते. पाटीवर 'बुखेनवाल्ड' लिहिले आहे याची मात्र खात्री करून घ्यावी, कारण त्याच क्रमांकाच्या काही गाड्या दुसरीकडे जातात. प्रवास वीसेक मिनिटांचा आहे. प्रवेशाला पैसे नाहीत. वर वारा फार असतो. गावात ऊन होते म्हणून मी शाल घेतली नाही आणि वर दोन तास कुडकुडत काढले.

फाटकाच्या लोखंडी जाळीत 'ज्याला त्याचे' अशा अर्थाची जर्मन अक्षरे आहेत, आणि ती आतल्या कैद्यांना वाचता यावीत अशी आतल्या बाजूला तोंड करून बसवली आहेत. ती अक्षरे ज्याच्याकडून करवून घेतली तो फ्रान्झ एर्लिश स्वतः तिथला कैदी होता आणि बाउहाउस या कलाशाळेचा विद्यार्थी. फाटकावरचे घड्याळ सव्वातीनवर थांबवलेले आहे. ११ एप्रिल १९४५ ला छावणी मुक्त झाली ती ती वेळ. आत बराकी उरलेल्या नाहीत, त्यांच्या जागा काळ्या दगडांनी दाखवल्या आहेत आणि मधे उतरत जाणारे रिकामे मैदान आहे. छावणीसाठी जंगल तोडले तेव्हा एक ओकवृक्ष तेवढा राखला गेला आणि कैदी त्याला गटेचा ओक म्हणत. १९४४ च्या ऑगस्टमधल्या बाँबहल्ल्यात तो जळाला, त्याचा बुंधा अजून आहे. मैदानात जमिनीलगत कैद्यांच्या स्मरणार्थ एक धातूची पाटी बसवली आहे. ती वर्षभर, थंडीतही, ३७ अंशांवर ठेवलेली असते, म्हणजे माणसाच्या अंगाइतकी उबदार. मुलगी खाली बसली, पाटीवर तळवा टेकला आणि तसाच ठेवून म्हणाली, "आई, हात लाव." मी लावला. त्या वाऱ्यात सर्व काही गार होते आणि तेवढीच एक जागा एखाद्याच्या कपाळासारखी ऊन होती.

अनेक जण वायमारला एक दिवसात उरकतात आणि टेकडीवर जात नाहीत, किंवा टेकडीवरच जाऊन गावात फिरत नाहीत. माझ्या मते दोन्ही चुकीचे आहे. गटेंच्या उंबऱ्याशी उभे राहून जे वाटते ते वाटून घेतल्यावरच टेकडीवर जावे, आणि टेकडीवरून आल्यावर पुन्हा त्या गावात एक रात्र राहावे. किमान तीन तास द्यावेत, माहितीपट आणि प्रदर्शन पाहायचे असेल तर चार. लहान मुलांना नेऊ नये. आणि त्या दुपारी दुसरे संग्रहालय ठेवू नये. आम्ही खाली आल्यावर इल्म नदीकाठच्या उद्यानात गेलो. गटे यांचे बागेतले जुने घर तिथे हिरवळीच्या कडेला आहे. कार्ल आउगुस्ट याने दिलेल्या या घरात ते तरुणपणी राहत. आम्ही समोरच्या बाकावर बसलो, बोललो फारसे नाही. शाळेची मुले सायकलवरून घरी जात होती.

गुरुवारी सकाळी ग्रंथालय. बुटांवर चढवायला नमद्याच्या मोठ्या सपाता देतात, त्या घालून लाकडी जमिनीवर घसरत घसरत चालायचे. पांढऱ्या-सोनेरी रंगाचे ते अंडाकृती दालन, कठड्यांच्या मजल्यांवर पुस्तकांच्या रांगा आणि मधेमधे कवींचे अर्धपुतळे असे सारे दिसते. २ सप्टेंबर २००४ च्या रात्री याच दालनाच्या वरच्या मजल्याला आग लागली. सुमारे पन्नास हजार ग्रंथ जळून गेले, त्याहून जास्त आगीपाण्याने खराब झाले. गावकरी, कर्मचारी आणि अग्निशमन दलाचे लोक साखळी करून हातोहात पुस्तके बाहेर काढत होते. १५३४ सालचे ल्यूथरचे बायबलही वाचले. ओली पुस्तके गोठवून वाळवली आणि तीन वर्षांनी, २४ ऑक्टोबर २००७ रोजी, राणीच्या वाढदिवशी दालन पुन्हा उघडले. २००४ च्याच जानेवारीत आमच्या पुण्यात भांडारकर संस्थेतल्या पोथ्यांची नासधूस झाली होती. तिथे जमिनीवर विखुरलेली पाने पाहिलेल्या माणसाला या दालनात उभे राहणे सोपे जात नाही. या ग्रंथालयातली जळक्या कडांची पाने अजून दुरुस्त होत आहेत, हे ऐकून मात्र मला बरे वाटले.

तिथून पाच मिनिटांवर हर्डर यांचे चर्च आहे. हर्डर इथले मुख्य धर्मोपदेशक होते, आणि शाकुंतलाच्या जर्मन भाषांतराच्या १८०३ सालच्या आवृत्तीला प्रस्तावना त्यांचीच आहे, म्हणून त्यांच्या समाधीशी मी फूल ठेवले. आतले मोठे वेदीचित्र थोरल्या लुकास क्रानाख या चित्रकाराने सुरू केले आणि त्याच नावाच्या त्याच्या मुलाने १५५५ साली पुरे केले. क्रूसावरील येशूच्या कुशीतून निघालेली रक्ताची धार थेट वृद्ध क्रानाखच्या डोक्यावर पडते आहे. मुलाने काढलेले बापाचे असे चित्र मी दुसरीकडे पाहिलेले नाही.

दुपारी बाउहाउस संग्रहालय. वाल्टर ग्रोपियस यांनी ही कलाशाळा १९१९ साली वायमारमध्ये काढली, आणि उजव्या विचारांच्या प्रांतिक सरकारने अनुदान तोडल्यावर १९२५ साली ती डेसाउला गेली. आज आपण ज्या सुट्या, साध्या खुर्च्या आणि दिवे घरात वापरतो त्यांचे मूळ इथे आहे. पीटर केलर यांनी १९२२ साली केलेला लाल-पिवळ्या-निळ्या रंगांचा पाळणा मला सर्वांत आवडला. त्याच वर्षी डिसेंबरात बाउहाउसच्या चित्रकारांची कामे कोलकात्यात प्रदर्शित झाली होती, ही गोष्ट आपल्याकडच्या चित्रकलेच्या विद्यार्थ्यांनी जाताना लक्षात ठेवावी. ज्यांना वास्तुकलेत रस आहे त्यांनी विद्यापीठाची मूळ इमारत आणि १९२३ सालचे 'हाउस आम होर्न' हेही पाहावे. आम्हाला वेळ पुरला नाही.

शाकाहारी मंडळींसाठी थोडे. इथली ख्याती भाजलेल्या मांसाच्या सॉसेजची आहे, पण बटाट्याचे मोठे लाडूसारखे 'क्ल्योसे' शाकाहारी असतात. त्यावरचा रस मात्र बहुधा मांसाचा असतो, म्हणून मशरूमचा रस मिळेल का असे विचारावे. कांद्याच्या 'पाय'मध्येही डुकराच्या चरबीचे तुकडे असू शकतात. 'ओने फ्लाइश, ओने श्पेक', म्हणजे मांस आणि चरबीचे तुकडे नकोत, एवढे चार शब्द पाठ करून जावे. रविवारी किराणा दुकाने बंद असतात. हॉटेलच्या खोलीत चहाची किटली असेलच असे नाही, लहान किटली बरोबर ठेवलेली बरी. स्वच्छतागृहासाठी सुटी नाणी जवळ असू द्यावीत. ऑक्टोबरच्या दुसऱ्या शनिवार-रविवारी इथे १६५३ पासूनचा कांद्यांचा बाजार भरतो. गर्दी आवडत असेल तर तेव्हाच जावे आणि खोली अनेक महिने आधी घ्यावी, शांतपणे पाहायचे असेल तर ते दिवस टाळावेत.

परतताना एक लक्षात ठेवा. येताना जो उतार होता तो जाताना चढ होतो, आणि चाक तुटलेल्या बॅगेसह आम्हाला वीसऐवजी पस्तीस मिनिटे लागली. एरफुर्टला जलद गाडी पकडायची असेल तर हाताशी एक प्रादेशिक गाडी जादा ठेवून निघा. आमची ठरलेली गाडी चुकली, पण पुढची मिळाली आणि बर्लिनची जागा वाया गेली नाही.